पत्त्याला हात लावणार नाही

मी मराठीची बाई. बारामतीतल्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. चुकीचं वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं, मग ते पोराचं असो की हेडसरांचं. पोरं मागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, म्हणू देत. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं चुकलेलं वाक्य मी स्वतः तयार केलं आणि माझ्या वडिलांच्या तोंडी घातलं. पाच शब्दांचं वाक्य होतं आणि व्याकरणात एक चूक नव्हती.

माझे वडील म्हणजे आबा. भवानीनगरला राहतात. सगळी नोकरी कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून केली. उसानं भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की आकडा दिसायच्या आधी ते टन सांगायचे. मोळ्यांच्या खाली कुणी दगड दडवला असेल तर ट्रॉली कशी बसलीय ते बघूनच त्यांना कळायचं. सख्ख्या चुलत्याची ट्रॉली त्यांनी एकदा परत फिरवली होती, चुलत्यानं दोन वर्षं तोंड बघितलं नाही. गावात दोघांचं वाजलं तर "आबा म्हणतील ते" म्हणून मिटायचं. असा माणूस. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. काय गेलं ते कळावं म्हणून सांगतेय. पैसेही गेले, पण किती गेले ते मी इथं लिहिणार नाही आणि मला ते परतही नकोत. मला आबा परत हवेत.

रिटायर झाल्यावर आबा दुपारी कॉलनीच्या मागच्या लिंबाखाली बसायला लागले. चारजण जमायचे आणि रमी खेळायचे. त्यात आबांचे जिवलग म्हणजे कारखान्यातले जुने फिटर. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. खेळाचा नियम तात्यांनीच घातला होता. ज्याचे वीस रुपये गेले त्यानं उठायचं, कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चौघांचा चहा सांगायचा, आणि त्या दिवशी परत पान उचलायचं नाही. चहा पिऊन दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचं, नाहीतर गपगुमान घरी जायचं. "हा एकच डाव" असं कुणी म्हणायला लागला की तात्या त्याच्या मांडीखालची चटईच ओढायचे. "उठा, तुमचा चहा झाला!"

त्यामुळं आमच्या घरात 'चहा झाला' या शब्दांना वेगळाच अर्थ होता. आबा दारात चप्पल काढायला लागले की आई आतून विचारायची, "झाला का चहा?" आबा "व्हय" म्हणाले की आई हसायची. "न्हाय" म्हणाले की तिच्यासाठी टपरीवरची भजी आणलेली असायची. या बाईनं माझ्या देखत नवऱ्याला कधी "कशाला खेळता" असं विचारलं नाही. मी मात्र विचारलं.

झालं काय, शाळेतल्या एका पालकानं मला हसत हसत सांगितलं, "मॅडम, तुमच्या वडिलांना बघितलं परवा. झाडाखाली पत्ते कुटत होते." कुटत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात मी व्यसनावर निबंध लिहून घेणार आणि माझे वडील झाडाखाली जुगार खेळणार? त्याच रविवारी गाडी काढली आणि थेट लिंबाखाली जाऊन उभी राहिले. चौघांच्या देखत तात्यांना बोलले, "तात्या, वयाची तरी लाज बाळगा. स्वतः बिघडलात ते बिघडलात, माझ्या वडिलांना कशाला ओढता?" तात्यांनी हातातली पानं पालथी घातली. ते बोलले असते तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द ऐकून घेतले असते.

घरी आल्यावर मी आबांना देव्हाऱ्यापुढं बसवलं. आमचं कुलदैवत खंडोबा. आमच्याकडं बेल-भंडारा उचलून माणूस बोलला की ते बोलणं मोडत नाही. भांडणातलं खरं-खोटं बेल-भंडाऱ्यावर मिटतं. मी डबीतला भंडारा त्यांच्या तळहातावर ठेवला, वर बेलाचं पान ठेवलं आणि वर्गात शुद्धलेखन घालते तसं सांगितलं, "म्हणा. मी पत्त्याला हात लावणार नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग आईकडं. आई म्हणाली, "राहू दे की गं, वीस रुपयं तर असत्यात."

"आई, तू मधे बोलू नकोस. म्हणा आबा."

"मी पत्त्याला हात लावणार न्हाय," आबा म्हणाले. भंडारा कपाळाला लावला आणि उठून परसात गेले. मी छाती फुगवून बारामतीला परत आले. काय शहाणपण सांगावं माझं!

त्यानंतर आबा घरातच बसायला लागले. लिंबाखाली जायचे नाहीत, कारण बाकीचे खेळणार आणि आपण नुसतं काय बघायचं. मला वाईट वाटलं. दिवाळीला त्यांना मोबाईल घेऊन दिला. भजनं लावून दिली, कीर्तनं कशी शोधायची दाखवलं, पैसे पाठवायचं शिकवलं, म्हणजे लाइटबिलाला रांगेत उभं राहायला नको. बोट कुठं ठेवायचं आणि किती दाबायचं हेसुद्धा मीच शिकवलं. आबांची बोटं जाड, लवकर जमेना. मी म्हणाले, "हलक्या हातानं आबा, काटा न्हाय तो." दोघंही हसलो.

वर्षभरानं आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "अगं, तुझं आबा दिवसभर कीर्तन ऐकत्यात. पण आवाज येत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुक्यानंच ऐकत्यात. मधीच 'हात्तिच्या' म्हणत्यात. कीर्तनात हात्तिच्या कशाला म्हणत असतील गं?"

मी हसले. खरंच हसले. आणि मग शनिवारची वाट बघत बसले.

शनिवारी सकाळची शाळा करून गेले. आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी मागून जाऊन बघितलं. काचेवर तेरा पानं पंख्यासारखी मांडलेली. आबांचा अंगठा त्यांच्यावरून असा सरसर फिरत होता की मला त्या दिवाळीची जाड बोटं आठवली.

"आबा, बेल-भंडारा उचलला होता ना? मोडलीत शपथ?"

आबा दचकले नाहीत. दुखावले. अगदी मनापासून दुखावून म्हणाले, "मी? मी शपथ मोडीन व्हय, पोरी? खंडोबाची आण. पत्त्याला हात लावलेला न्हाय मी. हितं पत्ता कुठाय? काचंला बोट लागतंय."

वाक्य माझंच होतं. पत्त्याला म्हटलं होतं, हात म्हटलं होतं. मुलांना सांगते ना मी, शब्द जपून वापरा, शब्दात जे नाही ते वाचणाऱ्यानं कुठून आणायचं? आबांनी बरोबर वाचलं होतं.

सुरुवात कशी झाली ते त्यांनीच सांगितलं. भजनाच्या आधी जाहिरात लागली. नावाजलेला माणूस हसत रमी खेळत होता, आणि पहिले पन्नास रुपये फुकट. फुकटचे पन्नास गेले, मग घरचे पन्नास. ती जाहिरात मी नंतर मुद्दाम ऐकली. सगळं सावकाश, गोड आवाजात, आणि शेवटी कुणीतरी मागं कुत्रं लागल्यासारखं धापा टाकत म्हणतं, यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा. माझ्या वर्गात असं वाचणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. जबाबदारीनं खेळा म्हणे, डोंबल तुमचं! जबाबदारीनं खेळणारी चार माणसं मी बघितली होती. त्यांची एक चटई होती आणि ती ओढणारा एक माणूस होता. तो मी तोंडाला येईल ते बोलून घालवला होता.

मग आम्ही जे जे करतात ते सगळं केलं. मोबाईल काढून घेतला, त्यांनी दुसरा आणला. तोही घेतला, मग ते टपरीवाल्याचा मागायला लागले आणि मला शरमेनं परत द्यावा लागला. चिडून झालं, रडून झालं. बारामतीच्या मनोविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर चांगले होते, शांतपणे एकेक विचारत होते. ठरवलं त्याच्यापेक्षा जास्त वेळ बसता का? गेलेले परत काढायला पुन्हा खेळता का? घरच्यांपासून लपवता का? मधे कुणी बोललं तर राग येतो का? आबा प्रत्येक प्रश्नाला "न्हाय" म्हणत होते. आई शेजारी बसून, न बोलता, प्रत्येक प्रश्नाला होकाराची मान हलवत होती. डॉक्टर दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं.

डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, यांना रागावू नका, दर पंधरवड्याला घेऊन या. आबा दोनदा आले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मला येडं ठरवायचंय तुला." आणि गाडीत बसलेच नाहीत.

पण त्या खोलीतला तो "न्हाय" मला अजून बोचतो. काट्यावरच्या माणसाच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा खोटं ऐकलं, तेही एका दमात चार वेळा.

मध्यंतरी कायदा आला, पैशाच्या असल्या खेळांवर बंदी आली. शाळेत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले मी. आबांच्या मोबाईलवरचा खेळ खरंच बंद पडला. आठ दिवस आबा सैरभैर होते, पण माणसात होते. आईचा फोन आला, आवाजच वेगळा. "अगं, काल मी भाकरी थापत होते तर तुझं आबा चुलीजवळ यिऊन बसलं. काय बोललं न्हाय. बसलं नुसतं." एवढ्याशा गोष्टीचा तिला कोण आनंद! नवव्या की दहाव्या दिवशी कुणीतरी आबांच्या व्हॉट्सॲपवर दुसरीच कसली लिंक पाठवली. पाठवणारा कोण, खेळ कुठला, पैसे कुठं जातात, आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. चुलीजवळची जागा परत रिकामी झाली.

आणि मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मोतीबिंदू. बारामतीला एका दवाखान्यात सकाळी नंबर होता. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी बांधली होती आणि दुसऱ्या डोळ्यानं तिला तसंही धूसरच दिसायचं. तिला बाकावर बसवलं, आबांना म्हणाले, "मी औषधं घेऊन येते, हिच्याजवळच बसा. उठू देऊ नका." आबा म्हणाले, "जा तू. मी हाय की."

औषधाच्या दुकानात गर्दी होती. वीसेक मिनिटं लागली असतील. जिना चढून आले तर वरून आईचा आवाज येत होता. "अवो." मग थांबून, "अवो, हायसा का?" पट्टी बांधलेलं डोकं ती इकडून तिकडं फिरवत होती. एक हात पुढं करून हवेत चाचपत होती. शेजारची माणसं बघत होती. एक बाई उठून म्हणाली, "आजी, कुणाला हुडकताय?" आई म्हणाली, "आमची माणसं हुती हितं. गेली वाटतं."

आबा त्याच बाकावर होते. तिच्यापासून एका माणसाची जागा सोडून. तिचा चाचपणारा हात त्यांच्या बाहीपासून वीतभर लांब होता. ते गव्हाणीला लागलेल्या गाईसारखे मान खाली घालून बसले होते, अंगठा चालू होता आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या "अवो"ला ओ देणारा माणूस.

मी ओरडले नाही. माझ्यासारखी बाई, आणि मला ओरडता आलं नाही. औषधांची पिशवी हातात धरून जिन्यात उभी राहिले. डॉक्टरांच्या चारही प्रश्नांची उत्तरं माझ्यासमोर एका बाकावर बसली होती.

घरी आल्यावर आबांनी स्वतःच देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी काढली. बाकावर काय झालं ते त्यांना आईनं गाडीत सांगितलं होतं, रागानं नाही, नुसतं "मला वाटलं तुमी गेला" एवढंच. आबा माझ्यापुढं मांडी घालून बसले, तळहात पसरला. "सांग बाय. तू सांगशील तसं म्हणतो. ह्या बारीला भोक ठिवू नगंस."

मी म्हणाले, "म्हणा, मी मोबाईलवर पत्ते खेळणार नाही."

आबा म्हणाले, "पत्त्यांबिगर बी खेळ हायत त्यात. चक्राचा हाय, उडत्या इमानाचा हाय."

"मी मोबाईलवर कुठलाही खेळ खेळणार नाही."

"मोबाईल सोडून दुसऱ्या कशावर बी येतंय ते."

"मी पैसे लावून कुठलाही खेळ खेळणार नाही."

"ते पैसं म्हणत न्हाईत त्याला, पोरी. नाणी म्हणत्यात, चिपा म्हणत्यात."

ते मला खिजवत नव्हते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते एकेक भोक दाखवत होते. ट्रॉलीत दगड कुठं दडवतात ते आयुष्यभर ओळखलेला माणूस, आता दडवणाराही तोच होता. मी वाक्य लांबवत गेले, 'कोणत्याही प्रकारे', 'प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष', कोर्टाच्या कागदासारखं झालं. शेवटी आबांनी हात झटकला. भंडारा सगळा फरशीवर सांडला.

"नगं," ते म्हणाले. "वाक्यानं न्हाय व्हायचं हे. मला कुणीतरी उठीवलं पायजे बघ. आपलं आपल्याला उठाय येत न्हाय."

त्याच दुपारी मी तात्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. लिंबाखालच्या चौघांतले बाकीचे दोघे आता नाहीत, एक वारला आणि एक मुलाकडं पुण्याला गेला. तात्या दारातच पंप खोलून बसले होते. मी म्हणाले, "तात्या, माझं चुकलं." त्यांनी पाना खाली ठेवला. "बस," म्हणाले. सगळं ऐकून घेतलं. "खेळायला नका बोलावू त्यांना," मी म्हणाले, "नुसते रोज चारला येऊन त्यांना उठवत जा. चहाला न्या." तात्या म्हणाले, "मी बी त्या दिसापासनं खेळलो न्हाय. तू बोललीस ते लागलं हुतं."

तात्या रोज चारला येतात. खरंच येतात, एक दिवस चुकवत नाहीत. ओट्याखाली उभं राहून हाक मारतात, "आबा, चहा झाला, उठा." कधी आबा उठतात. जास्त वेळा उठत नाहीत. तात्या उभे राहतात, गुडघे दुखतात म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात, आणि मग एकटेच जातात.

गेल्या रविवारी मी तिथं होते. तात्यांनी तीनदा हाक मारली. आबा म्हणाले, "आलो, हा एकच डाव." जो शब्द लिंबाखाली उच्चारायची सोय नव्हती, तो. तात्या ओट्यावर चढले, आबांच्या शेजारी टेकले. बंडीच्या खिशातून एक जुना, कडा झिजलेला पत्त्यांचा कॅट काढला आणि दोघांच्या मधे ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी परवानगी असंल तर. वीस रुपयं. आन् मग मी उठीवतो त्येंला." मी नको म्हणाले होते ना, पण त्या क्षणी मला तो कॅट बघून इतकं बरं वाटलं की मीच म्हणाले, "खेळा आबा. तात्यांशी खेळा."

आबांनी मोबाईल मांडीवर ठेवला. कॅटकडं बघत राहिले. हात पुढं आला होता, मी बघितलाय. मग तो त्यांनी मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीमागं नेले, लहान मूल नेतं तसे.

"न्हाय तात्या. बेल-भंडारा उचललाय मी. पत्त्याला हात लावायचा न्हाय."

"आबा, शपथ मी घातली होती," मी म्हणाले. "मी मोकळं करते तुम्हाला."

"तू घातली आसशील. पण ती देवाची हाय, तुझी न्हाय," आबा म्हणाले. अगदी पूर्वीच्या आवाजात, काट्यावरच्या. मग त्यांनी पाठीमागचे हात पुढं आणले आणि मांडीवरचा मोबाईल उचलला.

तात्यांनी कॅट खिशात टाकला. आतून आईनं विचारलं, "झाला का चहा?"